झोळीजवळची उपासना
तरुण कुटुंबे, गाणे आणि विश्वास यांविषयी पाड्यावरून





या पत्रातून आपण दर तीन महिन्यांनी दवाखाना, वसतिगृह, बालवाडी यांची माहिती वाचता आणि त्यांसाठी प्रार्थना करता. मंडळ्यांच्या भेटीत मात्र एक प्रश्न आम्हांला हटकून विचारला जातो: "तुमच्याकडची कुटुंबं घरी उपासना कशी करतात? बहुतेकांना वाचता येत नाही, घरात दिवा लवकर मालवतो, मुलं लहान. मग कसं जमतं?" यंदा त्याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहायचे ठरवले. उत्तर एका शब्दात सांगायचे तर ते आहे 'गाणे'. पण हे गाणे आमच्या पुस्तकातून पाड्यावर गेले असे मात्र झाले नाही. ते उलट्या दिशेने आले.

पेटी आणि ट्रंक

पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांमध्ये आम्ही उभयता काम करू लागलो तेव्हा आमची थोरली मुलगी आठ महिन्यांची होती. एका मंडळीने प्रेमाने दिलेली पेटी आम्ही सोबत नेली होती. 'उपासना संगीता'च्या वीस प्रतीही होत्या. पहिल्या रविवारी माझे यजमान पेटीवर बसले, मी गीत सांगितले आणि आम्ही दोघेच गायलो. समोर बसलेल्या अकरा बाया आणि सात-आठ मुले आमच्याकडे कौतुकाने पाहत राहिली. पुढच्या रविवारी तेच. महिनाभर तेच.

आमची समजूत अशी झाली की, या लोकांना गाण्याची आवड नाही. आज ते आठवले की लाज वाटते. ज्या समाजात भाताची लावणी गाण्याशिवाय होत नाही आणि लग्न धवलेरीने गाणी म्हटल्याशिवाय लागत नाही, त्यांच्याविषयी आम्ही असे म्हणत होतो!

डोळे उघडले ते आमच्या मुलीमुळे. एका दुपारी ती काही केल्या झोपेना. मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा घालत होते. शेजारची एक बाई आली, तिने माझ्या हातून पोरीला घेतले, आमच्याच घराच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली, पोरीला तीत घातले आणि झोका देत गाऊ लागली. एकच ओळ. पुन्हा तीच ओळ, फक्त एक शब्द बदललेला. कोंबडी निजली. मग शेळी निजली. मग खोपटामागचे झाड निजले. अशी घरातली आणि दारातली एकेक वस्तू निजवत निजवत ती शेवटी बाळापर्यंत आली तेव्हा आमची पोर खरोखरच झोपली होती.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक, या बाया उत्तम गातात. दोन, आमची गीते त्यांना अवघड जातात ती चालीमुळे आणि रचनेमुळे. आमच्या गीतात चार ओळींचे कडवे, प्रत्येक ओळ वेगळी, शब्द पुस्तकी मराठी, पट्टी उंच. त्यांचे गाणे म्हणजे एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी तीच उचलायची, आणि पुढच्या खेपेला एक शब्द बदलायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही दुसऱ्या फेरीत हे गाणे येते. तीन वर्षांच्या मुलालाही येते.

पेटी तेव्हापासून बराच काळ ट्रंकेतच होती. देणाऱ्यांनी रागावू नये. ती पुढे उपयोगी पडली, त्याविषयी शेवटी सांगते.

हे मराठी मंडळीला नवे नाही

पाड्यावरच्या चालीत प्रभूचे गाणे म्हणायचे म्हटले की काही जणांच्या कपाळाला आठी पडते. ती पडू नये म्हणून आपल्याच घरचा इतिहास आठवावा.

आपल्या देशात सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे केली आणि ती पाश्चात्त्य चालींवरच म्हटली जात. मराठी माणसाच्या ओठांवर ती सहज बसत नसत. पुढे अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा मार्ग धरला. टाळ, आख्यान, अभंग, ओवी हे सारे मराठी माणसाच्या रक्तातले होते, ते त्यांनी प्रभूच्या सेवेला लावले. त्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ चा आणि प्रभूकडे जाणे १९१९ चे. त्या चोवीस वर्षांत त्यांनी जी भजने आणि पदे रचली त्यांवर आपली मराठी मंडळी आजही उभी आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. आज आपण जी चाल 'आपली' म्हणतो, तिच्यावर एके काळी शंका घेतली गेली होती, हे आपण विसरतो.

टिळकांना मराठी वाचक 'फुलामुलांचे कवी' म्हणूनही ओळखतात. त्यांच्या घरी मुलांचा राबता असे, आणि तरुण वयातील बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी या सगळ्या गोकुळाला जेवू घातले, रागावले, जीव लावला. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. अक्षर उशिरा आले म्हणून गाणे थांबले नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे एका कुटुंबात दोन श्रद्धा होत्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये लहानगा दत्तू होता. त्या वर्षांत किती अश्रू गळले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. आमच्या पाड्यांवर आज अशी घरे अनेक आहेत. पुढची हकिकत अशाच एका घराची आहे. घरच्या मंडळींनी ती सांगायला आनंदाने परवानगी दिली. नावे मात्र मी देत नाही.

आजी गप्प झाली

हे जोडपे तरुण. तो बावीस-तेवीस वर्षांचा, ती त्याहून थोडी लहान. दोघे लग्नानंतर उपासनेला येऊ लागले आणि विचारपूर्वक त्यांनी प्रभूचा स्वीकार केला. तो तारपा वाजवतो. त्याच्या आजोबांनी केलेला तारपा त्याच्या घरी होता. त्याची आई पंचक्रोशीतली नावाजलेली धवलेरी. ती आपल्या पूर्वापार श्रद्धेतच आहे. मुलाच्या निर्णयावर तिने भांडण केले नाही. "तुझं तू बघ," एवढेच म्हणाली.

पावसाळ्यात त्यांना मुलगा झाला. आम्ही भेटीला गेलो तेव्हा घरात आनंद होता, पण एक गोष्ट खटकली. आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती आणि गात नव्हती. नुसती हलत होती. ज्या बाईने शेकडो लग्ने गाण्यावर लावली, ती स्वतःच्या नातवापाशी मुकी!

सुनेने हळूच सांगितले, "त्या म्हणतात, आता हे लेकरू तुमच्या देवाचं झालं. आमचं गाणं त्याला चालायचं नाही."

असे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. पण आम्ही रविवारी काय काय 'सोडायचे' त्याची यादी इतकी वेळा वाचली होती, की आजीने स्वतःहून त्या यादीत एक ओळ वाढवली. चूक आमची होती. मुलाने तारपाही आढ्याला टांगून ठेवला होता आणि त्याच्यावर धूर बसत होता.

मी त्या रात्री यजमानांना म्हणाले, "आपण या घरात सुवार्ता आणली की शांतता?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या आजीकडे जाऊ. शिकवायला नको. शिकायला."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या धाकट्याला घेऊन गेले. आजीला म्हटले, "आजी, मला तुमचं निजवायचं गाणं शिकवा. माझा पोरगा झोपत नाही." आजीने माझ्याकडे बारकाईने पाहिले. "चालेल तुमाला?" तिने विचारले. मी म्हटले, "कोंबडी निजली, शेळी निजली, यात न चालण्यासारखं काय आहे? कोंबडी आणि शेळी देवानेच केली ना!" ती हसली. आणि मग तिने जे गायला सुरुवात केली, ते थांबायलाच तयार नव्हते. सून दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

हन्नाने शमुवेलाला प्रार्थनेने मागून घेतले आणि दूध सुटेपर्यंत घरीच ठेवले, असे शास्त्रात आहे. त्या काळात तिने त्याला काय गाऊन निजवले असेल, ते लिहिलेले नाही. पण ती गातच असणार, यात मला शंका नाही.

तारप्याचे काय?

अंगाईचा प्रश्न सोपा होता. तारप्याचा तितका सोपा नाही, आणि तो सोपा आहे असे भासवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ज्यांनी तारपा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला खाली जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा, अशी त्याची घडण. सांधे मधमाशीच्या मेणाने बंद करतात. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो. गाल हवेने भरलेले ठेवून नाकाने श्वास घ्यायचा, हे कसब वर्षानुवर्षे कमवावे लागते. भात तयार झाले की सुगीच्या दिवसांत तारपा बाहेर निघतो. वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या बायका-पुरुषांचा फेर. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो वाटोळा फेर आठवेल.

अडचण अशी की वारली जीवनात सुगी, नाच आणि देव वेगळे काढता येत नाहीत. त्यामुळे आमच्या मंडळीतील काही वडीलधारे म्हणाले, "तारपा वाजला की जुने दिवस आठवतात. नको." या माणसांनी दारूच्या नादात घरे बुडताना पाहिली आहेत. रात्रभर चालणाऱ्या नाचाला दारूची जोड असे. त्यांची भीती पोकळ नाही.

तरुणांचे म्हणणे दुसरे. "भोपळा देवाने उगवला, बांबू देवाने उगवला, श्वास देवाने दिला. मग आवाज कोणाचा?" स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात तंतुवाद्ये, डफ, झांजा, वेणू अशा वाद्यांची नावे येतात. ती सगळी त्या त्या लोकांच्या घरातलीच वाद्ये होती.

दोन बैठका झाल्या. पाळकांनी कोणाला जिंकू दिले नाही, कोणाला हरू दिले नाही. शेवटी असे ठरले: देवतेच्या विधीत आपल्यापैकी कोणी वाजवणार नाही, दारू असेल तिथे वाजवणार नाही, पण नव्या भाताच्या उपकारस्तुतीला, आपल्या अंगणात, पोराबाळांसमोर वाजवायला हरकत नाही. दोन वडील अजूनही त्या वेळी उठून बाहेर जाऊन बसतात. त्यांना कोणी दोष देत नाही. फेर संपला की मुले त्यांना नव्या तांदळाचा भात बाहेरच नेऊन देतात, आणि ते तो घेतात. आज आमच्या मंडळीची एकी एवढीच आहे. तिच्यासाठीही आम्ही देवाचे आभार मानतो.

त्या तरुण बापाने धूर बसलेला तारपा खाली काढला तेव्हा एक सांधा निखळला होता. मेण आणायला तो रानात गेला. नंतर तो मला म्हणाला, "ताई, पोरगा पोटात होता तेव्हा मी वाजवलं नाही. आता त्याला ओळख पटेल का?" त्याला मी सांगितले की गर्भातल्या बाळाला सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकू येऊ लागते आणि जन्मल्याबरोबर ते आईचा आवाज ओळखते, पण बापाचा आवाज ओळखायला उशीर कधीच झालेला नसतो. पहिला सूर वाजला तेव्हा पोरगे दचकून रडले. तिसऱ्या सुरावर ते बापाच्या गालाकडे टक लावून पाहू लागले. चौथ्यावर त्याने तो फुगलेला गाल हाताने दाबला! बाप हसला आणि सूर तुटला. त्या अंगणात त्या दिवशी कोणी काही शिकवले नाही, पण उपासना झाली असे मला वाटते.

घरची उपासना: आमची रीत

आता मूळ प्रश्नाकडे येते. लहान मुले असलेल्या घरात उपासना कशी होते? अनेक घरांतून पाहून आणि स्वतःच्या घरी चुकून-सुधारून जी रीत बसली, ती अशी:

वेळ थोडी. दहा मिनिटे पुरतात. रात्रीचे जेवण झाले की चुलीजवळ, दिवा मालवण्यापूर्वी. बाळ झोळीत असेल तर झोळीजवळ. उपासना संपेपर्यंत लेकरू झोपले तर ती उपासना फसली असे समजू नये. देवाच्या नावात झोपणे हीही कृपाच आहे.

गाणे एकच. महिनाभर तेच गाणे. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. मुलाला ओळखीची गोष्ट पुन्हा भेटण्यात आनंद असतो. पहिल्या आठवड्यात ते ऐकते, दुसऱ्यात टाळी धरते, तिसऱ्यात ओळीचा शेवटचा शब्द म्हणते. महिन्याच्या शेवटी ते आपल्यालाच चूक दाखवते.

ओळ सांगणारा बदलता. आज आई, उद्या बाप, परवा चार वर्षांची ताई. जो ओळ सांगतो त्याच्या मागे सगळ्यांनी म्हणायचे, बापानेसुद्धा. लहान मुलाच्या मागून मोठ्यांनी गाणे म्हणणे यात फार मोठे शिक्षण आहे. येशूने मुलांना जवळ घेतले तेव्हा शिष्यांना नेमके हेच शिकायचे होते.

शब्द घरचे. आमच्या बायांनी स्वतः रचलेली आता बरीच गाणी आहेत, तीही वारली बोलीत. त्यांची रचना अंगाईसारखीच: पाऊस कोणी दिला, नागली कोणी दिली, पेजेला मीठ कोणी दिले, आणि दर ओळीला उत्तर तेच. एका आईने त्यात भर घातली की सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध, मग पातळ पेज, मग डाळभात. अंगणवाडी सेविकेने ते ऐकले आणि ती आता स्वतःच्या बैठकीत ते म्हणून घेते, तिथे येणाऱ्या कोणत्याही श्रद्धेच्या आयांसोबत. आमचा दवाखाना किंवा बालवाडी कोणाची श्रद्धा विचारत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. गाणेही विचारत नाही.

शेवटी एक आभार. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, ज्याबद्दल आज देवाचे आभार. आमच्या घरी थोरलीने एकदा सांगितले, "आज बाबा ओरडले नाहीत म्हणून." त्या दिवशी आमच्या उपासनेत पापांगीकारही झाला!

मुलांना देवाच्या गोष्टी घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना सांगाव्यात, असे अनुवादाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात आहे. तिथे मंदिराचा उल्लेख नाही, घराचा आणि वाटेचा आहे. तीमथ्याचा विश्वासही प्रथम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, याची आठवण पौल त्याला करून देतो.

वीटभट्टीवरचे गाणे

हे सगळे वाचून पाड्यावरचे जीवन म्हणजे चांदणे आणि गाणी असे कोणी समजू नये. दिवाळी झाली की आमचे पाडे ओस पडतात. भाताची एकच शेती, ती संपली की हाताला काम नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. चिमुकली मुलेही जातात. अंगणवाडी सुटते, लसीची तारीख चुकते, आणि आमच्या रविवारच्या उपासनेला म्हातारी माणसे तेवढी उरतात.

गेल्या दिवाळीनंतर ते तरुण जोडपेही गेले. बाळ तेव्हा सव्वा वर्षाचे. तारपा घरी ठेवला. भट्टीवर तो कोण वाजवू देणार? निघण्याच्या आदल्या रात्री आजीने सुनेला जवळ बसवले आणि अंगाई पुन्हा म्हणून घेतली, परीक्षा घ्यावी तशी. एक ओळ सुनेची चुकली, ती आजीने तिच्याकडून तीनदा म्हणून घेतली. सगळ्यांत शेवटी सून म्हणाली, "आई, मी आमची प्रार्थनापण म्हणीन त्याच्यापाशी." आजी म्हणाली, "म्हण. आधी माझं, मग तुझं."

परक्या ठिकाणी आपल्या देवाचे गाणे कसे गावे, हा प्रश्न बाबेलमध्ये नेलेल्या लोकांनाही पडला होता. त्यांनी वीणा झाडांना टांगून ठेवल्या. आमच्या या मुलीने मात्र भट्टीजवळच्या कच्च्या विटांच्या खोपीत, दिवसभर माती मळून हात भेगाळलेले असताना, रोज रात्री दोन्ही म्हटली. आधी आजीचे, मग तिचे. तिनेच मला नंतर सांगितले की काही रात्री इतका थकवा असे की ओळी पुढेमागे होत. पण न म्हणता एकही रात्र गेली नाही. "गाणं म्हटलं की वाटायचं, घर हितंच हाय."

होळीला पाडे पुन्हा भरले. मी मुद्दाम त्या घरी गेले. आजी अंगणात बसली होती. नातू दीड वर्ष ओलांडलेला, चालता झालेला. पण चार महिन्यांत तो तिला विसरला होता. तिने हात पुढे केले तर तो आईच्या लुगड्यामागे लपला. आजीचा चेहरा उतरला. तिने त्याला बोलावले नाही. ती नुसती गाऊ लागली, मान खाली घालून, जणू स्वतःशीच. कोंबडी निजली. शेळी निजली.

पोरगे लुगड्याआडून डोकावले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी जो लांब स्वर येतो, तो त्याने म्हटला. आजीने वर पाहिले. तिसरी ओळ तिने मुद्दाम शेवटच्या स्वराआधी थांबवली. पोराने तो पुरा केला आणि तुरुतुरु चालत येऊन तिच्या मांडीवर बसले, जणू मधे चार महिने गेलेच नव्हते.

मग आजी सुनेकडे वळून म्हणाली, "आता तुझं म्हण." आणि सुनेने प्रार्थनेचे गीत म्हटले. आजी ते गायली नाही. पण नातवाच्या पाठीवर ती ताल धरून थोपटत होती.

त्या घराची हकिकत आज इथपर्यंत आहे. आजी पुढे काय ठरवील ते देव जाणो. आम्ही तिला घाई करत नाही. लक्ष्मीबाईंनाही कोणी घाई करून आणले नव्हते.

पेटी आणि आपण

ट्रंकेतली पेटी आता बाहेर आली आहे. दहावीत शिकणारी वसतिगृहातली दोन मुले ती शिकत आहेत. सुटीत ती घरी येतात तेव्हा आयांकडून गाणी ऐकून त्यांचे सूर पेटीवर शोधतात आणि शब्द देवनागरीत वहीत उतरवतात. शाळेत गेलेले मूल घरच्या गाण्याला परके होते, ही आमची मोठी काळजी होती. या वहीमुळे ते मूलच आता आईकडे विद्यार्थी म्हणून बसते. आई म्हणते, "मला कुठं काय येतं," आणि मग दोन तास सांगत राहते. पेटी देणाऱ्या मंडळीने हे वाचावे आणि समाधान पावावे.

आपणही आपल्या घरी, मुंबईत असा, पुण्यात असा की परदेशात, एवढे करून पाहा. रात्री झोपवताना मोबाइलवर लावलेले गीत थोडा वेळ बंद ठेवा आणि स्वतःच्या आवाजात म्हणा. आवाज बेसूर असला तरी चालेल. लेकराला सूर कळण्याआधी माणूस कळतो. आजी-आजोबा असतील तर त्यांना त्यांच्या लहानपणचे गीत विचारा. त्यांच्याबरोबर जाणारी गाणी पुन्हा मिळत नाहीत.

स्तुतीसाठी व प्रार्थनेसाठी विषय

१. स्थलांतर केलेली कुटुंबे होळीला सुखरूप परतली, म्हणून देवाची स्तुती करा.

२. उचल घ्यावी लागू नये एवढे काम पाड्याजवळच मिळावे, म्हणून प्रार्थना करा. परसबाग आणि भाजीपाल्याचे काम यंदा आम्ही वाढवत आहोत.

३. ज्या घरांत दोन श्रद्धा आहेत, तिथे प्रीती टिकावी आणि लहान मुलांना दोन्हीकडची माया मिळावी, म्हणून प्रार्थना करा.

४. तारप्याविषयी मंडळीत ज्यांचे मत वेगळे आहे, त्या वडीलधाऱ्यांची आठवण करा. एकमेकांना ऐकून घेण्याची कृपा आम्हां सर्वांना मिळो.

५. गाण्यांची वही लिहिणाऱ्या मुलांसाठी, त्यांच्या दहावीच्या निकालासाठी आणि पुढील शिक्षणासाठी प्रार्थना करा.

 पाऊस जवळ आला आहे. लावणीच्या वेळी चिखलात उभ्या राहिलेल्या बाया पुन्हा गाऊ लागतील, आणि बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत कुणाचे तरी लेकरू ते ऐकत झोपेल. त्या वेळी आमची आठवण ठेवा.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण,
पाड्यावरील एक कार्यकर्ती